लॅपटॉप 'फॅक्टरी रिसेट' केला म्हणजे डेटा खरंच पुसला जातो का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. ज्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही, ते विकायचे, एक्स्चेंजमध्ये द्यायचे की भंगारात काढायचे, हा प्रश्न त्यामुळे अनेकांपुढे आहे. देण्याआधी 'फॅक्टरी रिसेट' करायचा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण तेवढ्याने आधार, पॅन, बँकेची कागदपत्रं आणि घरचे फोटो कायमचे जातातच असं नाही.

असं का होतं?

हार्ड डिस्कवरची फाइल डिलीट केली की फक्त तिची नोंद जाते. अनुक्रमणिका फाडली तरी पुस्तकाची पानं शिल्लक राहतात, तसंच हे. त्या जागेवर नवीन काही लिहिलं जात नाही तोवर रिकव्हरी सॉफ्टवेअरने फाइल परत मिळू शकते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोन संशोधकांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, चालू असलेल्या १२९ डिस्कपैकी फक्त १२ नीट पुसलेल्या निघाल्या.

मग काय करायचं?

आधी हव्या त्या फाइल्सचा बॅकअप घ्या आणि सगळ्या अकाउंटमधून साइन आउट करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'रिकव्हरी' शोधून 'रिसेट धिस पीसी' निवडा. 'कीप माय फाइल्स' घेतलंत तर फाइल्स जागच्या जागी राहतात, म्हणून 'रिमूव्ह एव्हरीथिंग' घ्या. पुढे 'चेंज सेटिंग्ज'मध्ये 'क्लीन डेटा' सुरू करा. हा पर्याय आपोआप सुरू नसतो आणि अनेकांची चूक इथेच होते. याला काही तास लागू शकतात, त्यामुळे चार्जर लावून ठेवा.

लॅपटॉपमध्ये एन्क्रिप्शन आधीपासून सुरू असेल तर धोका बराच कमी होतो, कारण किल्ली नष्ट झाली की उरलेला डेटा वाचताच येत नाही. अॅपलच्या नव्या मॅकमधला 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' हा पर्याय याच तत्त्वावर चालतो.

आणि लॅपटॉप सुरूच होत नसेल तर? तो बंद पडला तरी आतली डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून वाचता येऊ शकते. म्हणून भंगारात देण्याआधी डिस्क काढून स्वतःकडे ठेवलेली बरी.