छोटी मोटार आणि शेतकऱ्याचा हिशेब

हल्लीं आपल्या शेतकरी बांधवांच्या दारांत मोटारगाडी उभी राहूं लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. रात्रीं-अपरात्रीं आजारी माणसास तालुक्याच्या दवाखान्यांत न्यावयाचें असो कीं लेकीच्या सासरीं जावयाचें असो, गाडी ही आतां केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. परंतु उसाचें बिल हातीं येतांच ज्या घाईनें तिची खरेदी होते, ती घाई चिंताजनक आहे. बैल घेतांना आपण दांत पाहतों, चालवून पाहतों, चार जाणत्यांस विचारतों. आणि बैलाहून कितीतरी पट किंमतीची गाडी मात्र शेजाऱ्याची गाडी पाहून घेतों!

विक्रेता प्रथम सांगतो तो ‘ॲव्हरेज’चा आकडा. सन २०२२ मध्यें आलेल्या ऑल्टो के-१० चा हा आकडा लिटरास २४.३९ किलोमीटर होता. असा आकडा खोटा नसतो. पण तो चाचणीशाळेंत, ठराविक वेगानें गाडी चालवून काढलेला असतो. माझें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. गावाची पैसेवारी ६० पैसे लागली म्हणून प्रत्येक गटांत तेवढेंच पीक येत नाहीं, हें आपण सर्व जाणतां. गाडीच्या आकड्याचेंही तसेंच आहे. घाट, खड्डे, एसी आणि भरलेली गाडी हें सर्व धरून लिटरास १८ किलोमीटर पडले तर पीक चांगलें समजावें. शिवाय हल्लीं पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल असतें. त्यांतील ऊर्जा पेट्रोलाच्या मानानें सुमारें एक तृतीयांश कमी असल्यामुळें ॲव्हरेज थोडें उतरतें. तो आपल्याच उसाचा रस आहे. तेव्हां तक्रार न करितां तो हिशेबांत धरावा, हें बरें.

आतां पाटीवर मांडून पाहूं. वर्षाचें धांवणें ६,००० किलोमीटर आणि पेट्रोल १०० रुपये लिटर धरिलें, तर १८ च्या ॲव्हरेजनें सुमारें ३३,३०० रुपये लागतात. सी.एन.जी. किलोस ९० रुपये व २५ किलोमीटर धरिल्यास २१,६०० रुपये. वर्षाची बचत ११,७०० रुपये. पण अशा गाडीस ९०,००० रुपये अधिक मोजावे लागत असतील, तर ते वसूल होण्यास पावणेआठ वर्षें लागतील. जो रोज बाजारपेठेस जाऊन वर्षांत १८,००० किलोमीटर फिरतो, त्याचे मात्र अडीच वर्षांत फिटतील. म्हणजे गाडी कोणती चांगली, याचें उत्तर गाडींत नसून आपल्या फिरण्यांत आहे. गॅसचा पंप गांवापासून किती दूर आहे आणि टाकीनें मागची जागा अडल्यावर सामान कोठें ठेवावयाचें, हेंही पाहावें.

माझीच चूक सांगतों. निवृत्तीच्या पैशांतून मीं जुनी डिझेल गाडी घेतली. डिझेल स्वस्त आणि ॲव्हरेज अधिक, एवढेंच पाहिलें. वर्षांत ती ४,००० किलोमीटरही धांवली नाहीं. तिसऱ्या वर्षीं इंजेक्टर बिघडले आणि इंधनांत जें वांचलें होतें तें सर्व एका दुरुस्तींत गेलें. आमच्या घरांतून विचारणा झाली, “लोकांचे हिशेब जन्मभर तपासलेत, घरचा कोणी तपासावयाचा?” मजजवळ उत्तर नव्हतें.

ता. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या व १२०० सी.सी.पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. वांचलेला हा पैसा अधिक मोठ्या गाडींत न घालतां कर्ज कमी करण्याकडे लावावा. काटकसर करावी ती रंगांत व चकाकींत; एअरबॅग व ब्रेक यांत करूं नये. सौदा ठरविण्यापूर्वीं गाडी आपल्या शेतरस्त्यावर, घरचीं माणसें बसवून, एकदां चालवून पाहावी. छोट्या गाडीचें पोट जमिनीपासून साधारण साडेसहा-सात इंचच उंच असतें. चाकोरीमधला उंचवटा त्यास लागतो कीं काय, तें तेथेंच कळेल.

सर्वांत महत्त्वाचें म्हणजे हप्ता. पाऊस दगा देतो त्या वर्षीं पीक बुडतें, हप्ता बुडत नाहीं. म्हणून मागील पांच वर्षांतील सर्वांत वाईट वर्षाचें उत्पन्न कागदावर मांडावें. त्या वर्षीं घरखर्च व बीं-भरण भागवून जो हप्ता देतां आला असता, तेवढ्याच किंमतीची गाडी आपली. त्यापुढची बँकेची समजावी. गाडी दारांत जरूर यावी, पण तिच्यापायीं विहिरीचें खोलीकरण किंवा ठिबक संच अडून राहूं नये, एवढीच माझी विनंती आहे.