सात रस्त्याला ‘सरळ जा’ म्हणजे कुठे?

सात रस्त्याला एखाद्या नवख्या माणसाने पत्ता विचारला आणि आपण ‘सरळ जा’ म्हणालो, तर त्याला काय कळणार? सात वाटांपैकी सरळ कोणती, हे आपल्याला ठाऊक असते, त्याला नसते. सॉफ्टवेअर कसे वापरावे हे सांगणारी बरीचशी पाने अशीच जाणकारांनी जाणकारांसाठी लिहिलेली असतात. त्यात ती इंग्रजीत.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात दखनी, शाळेत मराठी आणि संगणकावर इंग्रजी. मग मोहल्ल्यातला एखादा हुशार मुलगा सगळ्यांचे अर्ज आणि टायपिंग करून देतो. तो नोकरीसाठी पुण्याला गेला की त्याला जे येत होते तेही त्याच्यासोबत जाते. मागे राहिलेले पुन्हा दुसऱ्या कुणाच्या दारात उभे.

यावरचा उपाय जगात रुळलेला आहे. २०१० साली सुरू झालेल्या लिबरऑफिसच्या मार्गदर्शिका स्वयंसेवक लिहितात. प्रकरणे वाटून घेतात, एकाने लिहिलेले दुसरा तपासतो. परवाना खुला असल्याने त्यांचे भाषांतर आणि वाटप कुणालाही करता येते. लिबरऑफिसचे मेनू मराठीतही मिळतात. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडियाही असाच अनेक हातांनी वाढला.

आपणही चार-पाच जणांनी एकच काम निवडावे. समजा, युनिकोड मराठीत अर्ज टाइप करून त्याची पीडीएफ बनवणे. एकाने पायऱ्या लिहाव्यात. मग ते पान हे काम कधीच न केलेल्या आपासमोर किंवा चाचांसमोर ठेवावे आणि स्वतः गप्प बसावे. ते जिथे अडतील तिथे चूक त्यांची नाही, आपल्या वाक्याची आहे. ते वाक्य बदलावे. एका क्रियेला एकच शब्द ठेवावा. ‘सेव्ह’, ‘जतन’ आणि ‘साठवा’ यांची खिचडी नको. सॉफ्टवेअर बदलत राहते, म्हणून पानावर आवृत्ती आणि तारीख घालावी, म्हणजे पुढच्याला ते सुधारता येईल.

‘मला कुठे एवढे येते, मी काय लिहिणार?’ असे म्हणणाऱ्या मित्रमैत्रिणींना आवर्जून बोलवा. आपण कुठे अडखळलो, हे नुकतेच शिकलेल्यालाच नीट आठवते.

कुणाचा अर्ज भरून देणे ही मदतच आहे. पण पुढचा अर्ज त्याला स्वतः भरता यावा, असे एक पान या महिन्यात लिहूया.