खरे सीमोल्लंघन

२०२५ साली २ ऑक्टोबरला दसरा होता, आणि त्याच दिवशी ज्यू धर्मीयांचा योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस होता. त्यांच्या तिश्री महिन्याची ही दशमी. सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. केवळ प्रार्थना आणि पापांची कबुली.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाज हे व्रत पिढ्यानुपिढ्या पाळीत आला. हे लोक तेलाचे घाणे चालवीत, पण शनिवारी काम करीत नसत. म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची बोली मराठी. १८८० च्या सुमारास त्यांनी आपली कीर्तनपद्धती उचलून अब्राहाम, मोशे यांची आख्याने मराठीत लावली. कीर्तनकार या नात्याने मला त्यांच्याविषयी जिव्हाळा वाटतो, तो यामुळे.

या दिवशी ते शुभ्र वस्त्रे नेसून, दारे लावून घरात राहत. म्हणून त्यांनी त्याला ‘दारफाळणीचा सण’ असे अस्सल मराठी नाव दिले. परंतु दार लावण्यापूर्वी एक कर्तव्य उरते. देवाचा अपराध उपवासाने फिटतो. माणसाचा अपराध मात्र त्या माणसाची क्षमा मागितल्यावाचून फिटत नाही, असे त्यांचे धर्मशास्त्र सांगते. आमच्या हातकणंगले तालुक्यातील जैन बांधवही दशलक्षण पर्वानंतर क्षमावणीला एकमेकांची क्षमा मागतात.

वाचकहो, हे लिहिताना माझी मान खाली जाते. एकदा भर कीर्तनात मी माझ्या वयोवृद्ध तबलजींचा पाणउतारा केला. चूक माझ्या लयीची होती. त्यानंतर मी एकही एकादशी मोडली नाही. पण दोन गल्ल्या ओलांडून त्यांच्या घरी गेलो नाही. अखेर मनाचा हिय्या करून निघालो, तेव्हा त्यांच्या दारी सुतक होते. प्रायश्चित्त या शब्दात तप आणि निश्चय हे दोन्ही आहेत, असे मी श्रोत्यांना नेहमी सांगत असे. माझ्यापाशी तप होते. निश्चय उशिरा आला.

म्हणून विनंती एवढीच, की नवरात्राचे उपवास अवश्य करावेत. परंतु दसऱ्याला आपट्याची पाने घेऊन प्रथम त्या घरी जावे, जिथे जाण्यास पाय अडखळतो. गावाची वेस ओलांडणे सोपे आहे. आपल्या अहंकाराची वेस ओलांडणे, हेच खरे सीमोल्लंघन; आणि ते दार बंद होण्यापूर्वी करावयाचे असते.