टँकरवरचा ‘इन’

उरणकडून पनवेलकडे येणाऱ्या टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ अशी ठळक अक्षरे असतात. ‘इन’ म्हणजे नकार, असे घोकलेल्या पनवेलजवळच्या करंजाडेतल्या मुलाने हा नियम इमानेइतबारे लावला, तर टँकरमधला माल अजिबात न पेटणारा ठरतो! चूक त्या मुलाची नाही. लॅटिनमधून इंग्रजीत दोन वेगळे ‘इन’ आले. एक ‘इनकरेक्ट’मधला नकाराचा, दुसरा ‘आत’ या अर्थाचा. पेटवण्याच्या क्रियापदाला दुसरा चिकटला. हा घोळ जिवावर बेतेल म्हणून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या जाणकारांनी १९२०च्या दशकातच ‘फ्लेमेबल’ लिहिण्याचा आग्रह धरला. तेव्हा उपसर्ग आणि त्याचा एकेक ठोकळ अर्थ अशी यादी पाठ करून घेणे थांबवावे. उपसर्ग शिकवायचा तो शब्दाच्या धातूसकट, वाक्यात ठेवून.

अपवाद मूठभर, त्यासाठी सोपा नियम का मोडायचा, असे शिक्षक विचारतील. पण मराठी मुलाला हा गुंता नवा नाही. ‘विसंगत’मधला ‘वि’ नाकारतो, ‘विज्ञान’मधला अर्थाला धार आणतो, आणि मूल दोन्ही शब्द न अडखळता वापरते. ‘अनमोल’ला कुणी कवडीमोल समजत नाही, मग ‘इन्व्हॅल्युएबल’ समजायला कितीसा वेळ लागेल? इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मराठीचा हा आधार कुठून मिळणार, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची आहे. दोन्ही भाषांचे शिक्षक एकाच शिक्षकखोलीत बसतात, तरी उपसर्गांचा धडा दोघे स्वतंत्रपणे उरकतात, हे अजबच.

करंजाडेत तर उदाहरण दाराशी आहे. नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेल्या गावांतल्या कुटुंबांना या पट्ट्यात भूखंड मिळाले. सरकारी इंग्रजीत त्याला ‘रिसेटलमेंट’ म्हणतात. ‘री’ म्हणजे ‘पुन्हा’, एवढ्यावर धडा संपवला तर आधी वसलेले घर मोडले, हा त्या शब्दातला अर्धा मजकूर हातून निसटतो. ‘पुनर्वसन’मधल्या ‘पुनर्’चेही तेच. परीक्षेत मात्र अजून ‘उपसर्ग लावून विरुद्धार्थी शब्द लिहा’ यालाच गुण. ‘इनकरेक्ट’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ शेजारी ठेवून फरक विचारणारा दोन गुणांचा एक प्रश्न घातला, तरी वर्गातले शिकवणे त्याच वर्षी बदलेल.