तापमानाचा आलेख बागाईतदारालाही दिसू द्या

तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीच्या कुपीवर 1996 पासून एक छोटी खूण येऊ लागली: जांभळट वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन. कारखान्यापासून उपकेंद्रापर्यंत लसीने जेवढी उष्णता सोसली, तेवढा चौकोन गडद होतो. मग कुपी फ्रिजमध्ये ठेवली, तरी तो पुन्हा फिका होत नाही. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद. वीज नको, सिम नको, पासवर्ड नको. लस देणारी सिस्टर कुपी उजेडात धरते आणि तिथल्या तिथे ठरवते.

मालवाहतुकीतल्या सेन्सरांचे कौतुक करताना हा मुद्दा हमखास निसटतो. मोजमाप ज्याच्यापर्यंत पोहोचते, त्याला 'हा माल नको' म्हणण्याचा अधिकार आहे का?

चौकोन सर्वज्ञ नाही. हेपॅटायटिस-बीची लस गोठली तर निकामी होते, आणि त्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. तिथे यंत्र कामी येते. 2015 च्या सुमारास सुरू झालेल्या 'ई-विन' या सरकारी लस-देखरेख प्रणालीमध्ये आरोग्य केंद्रातल्या फ्रिजमधला सेन्सर मोबाइल नेटवर्कवरून तापमान कळवतो. पारा 2 ते 8 अंशांच्या बाहेर गेला की जबाबदार कर्मचाऱ्याला इशारा जातो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेनिंजायटिसवरची लस 2012 मध्ये आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये चार दिवसांपर्यंत बर्फाविना, 40 अंशांच्या आत ठेवून गावोगाव नेली गेली. तिथेही भरवसा कुपीवरच्या खुणेवर आणि डब्यातल्या रंग बदलणाऱ्या कार्डावर होता.

आता नाशिकच्या द्राक्षांकडे पाहा. युरोपला निघालेल्या कंटेनरमध्ये तापमान शून्याच्या आसपास राखावे लागते आणि त्याची नोंद ठेवणारे यंत्र सोबत असते. समुद्रप्रवास काही आठवड्यांचा. पलीकडे माल मऊ निघाला, तर बाग कमी पडली की वाटेत थंडावा तुटला, हे त्या नोंदीवरून बरेचसे कळू शकते. म्हणून ती नोंद बागाईतदाराच्या हातातही हवी, आणि तीही न मागता.

हे अवघड नाही. कृषी निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेच्या 'ग्रेपनेट' प्रणालीवर 2006 पासून बागेची नोंदणी आणि कीडनाशकांच्या अंशांची तपासणी नोंदवली जाते. युरोपात एखाद्या पेटीत दोष सापडला तर थेट बागेपर्यंत माग काढता येतो. शेतकऱ्याला जाब विचारायची सोय चोख आहे! त्याच नोंदीला कंटेनरचा तापमान-आलेख जोडावा, तो शेतकऱ्याच्या मोबाइलवर यावा, आणि आलेख दाखवल्याशिवाय भाव कापता येणार नाही, असे कलम निर्यातदारांच्या करारात घालावे. येत्या हंगामाच्या बागनोंदणीपासूनच ही सुरुवात करता येईल.