चितळाला हंगाम नसतो

शिकारीच्या हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात क्रॉसबोने हरीण पाडल्याची हकीगत अमेरिकेतल्या नातलगांकडून येते, आणि इकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात तिला लगेच पाठीराखे मिळतात. त्यांचे म्हणणे असे: शिकार ही शिंदेशाहीची परंपरा आहे, क्रॉसबो हे स्वच्छ, नेमके शस्त्र आहे, आणि शिकारीला परवाना दिला तर पिकेही वाचतील, जंगलही राखले जाईल. म्हणून शिवपुरीच्या रानातही असा हंगाम सुरू करावा. हे म्हणणे मला मुळातच अमान्य आहे.

अमेरिकेतल्या शिकाऱ्याला मी दोष देत नाही. बाजारासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीने १९०० च्या सुमारास तिथे पांढऱ्या शेपटीची हरणे पाच लाखांच्या आसपास उरली होती. कडक नियम आले आणि आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. लांडगे बहुतेक प्रदेशांतून आधीच संपवलेले, त्यामुळे वाढत्या कळपांना आवर घालायला माणूसच उरला. तिथला हंगामही विणीचे वेळापत्रक पाहून बांधलेला आहे. माद्या नोव्हेंबरच्या सुमारास माजावर येतात, पाडसे मे-जूनमध्ये जन्मतात आणि सप्टेंबरपर्यंत चरायला लागतात.

आपल्या चितळाला असे वेळापत्रकच नाही. विणीचा जोर काही महिन्यांत जास्त असतो, पण पाडसे वर्षभर दिसतात. एकाच कळपात एका नराची शिंगे टणक असतात, तर दुसऱ्याच्या शिंगांवर अजून मखमल असते. मग हंगाम कोणत्या तारखेला उघडणार? कोणतीही तारीख धरा, बाणाच्या टप्प्यात दुधावरच्या पाडसाची आई येणारच.

आता शस्त्राचे पाहू. क्रॉसबोचा बाण सेकंदाला तीन-चारशे फूट जातो, आवाज अकराशे फूट. म्हणजे दोरी सुटल्याचा आवाज बाणाच्या आधी हरणाच्या कानी पोचतो. हरीण उसळी घ्यायला अंग खाली दबवते आणि फुप्फुसावर धरलेला नेम पाठीत किंवा पोटात लागतो. बाण मारतो तो रक्तस्रावाने. नेम अचूक बसला तरी जनावर धावत सुटते, म्हणून जाणता शिकारी थांबतो आणि मग रक्ताच्या थेंबांवरून माग काढतो. करधईच्या झाडांखालच्या काटक्या-पाचोळ्यात, बिबट्याच्या रानात, पोटात बाण घेऊन गेलेले चितळ संध्याकाळपर्यंत सापडेलच याची हमी कोण देणार? शिवाय वनरक्षकाला चोरट्या शिकाऱ्याचा सुगावा लागतो तो बहुधा बंदुकीच्या बाराने. आणि हे चोरटे किती धीट असतात तेही पाहा: १४ मे २०२२ रोजी गुना जिल्ह्यात आरोनजवळ काळवीट मारून नेणाऱ्या टोळीने तीन पोलिसांना गोळ्या घातल्या. अशा मुलखात बार न होणाऱ्या शस्त्राला प्रतिष्ठा द्यायची?

परंपरेबद्दलही स्पष्ट बोलू. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे नावाजलेले शिकारी होते. वाघाच्या शिकारीवर त्यांनी १९२० मध्ये पुस्तकही लिहिले. शिवपुरीचे रान दरबारने राखले, हे खरे. पण ते राखले गेले इतरांना मज्जाव होता म्हणून. शिकार चालत होती म्हणून नव्हे. त्याच रानातून १९७० च्या दशकापर्यंत वाघ नाहीसा झाला आणि मार्च २०२३ मध्ये तो बाहेरून आणून सोडावा लागला. मान द्यायचा तर त्या राखणीला द्यावा.

राहिला पिकांचा प्रश्न. तो खरा आहे. शिवपुरीतल्या करैराला १९८१ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले; माळढोक गेला, काळवीट वाढले आणि जमिनीच्या व्यवहारांवरच्या बंधनांनी गावे जेरीस आली. पण हौशी शिकारी यावर उपाय नाही. त्याला हवा असतो सर्वांत देखण्या शिंगांचा नर. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नर मारून कळपाची वाढ थांबत नाही. शेतकऱ्याचा हरभरा तसाच खाल्ला जातो, भिंतीवर शिंगे तेवढी लागतात. पिकांची नासाडी करणाऱ्या काही प्राण्यांबाबत लेखी परवानगीची तरतूद १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहेच. ती गरजेपोटी आहे, हौसेसाठी नाही.

मग करायचे काय? शाजापूर भागात २०२५ मध्ये हेलिकॉप्टरने हाकून काळवीट आणि नीलगायी जिवंत पकडल्या आणि दुसरीकडे नेऊन सोडल्या. ते काम करैरासारख्या भागांतही व्हावे. पटवाऱ्याचा पंचनामा आठवड्यात व्हावा आणि भरपाई पुढच्या पेरणीआधी हातात पडावी.

आणि चितळ? ते आपल्याकडे जास्तीचे झालेले नाही. कुनो राष्ट्रीय उद्यानात १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाचे आठ चित्ते सोडले. भक्ष्य कमी पडू नये म्हणून पेंचहून चितळ आणावे लागले. शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. तिथल्या वाघाला आणि बिबट्याला चितळच लागते. ते मिळाले नाही तर वाघ-बिबटे गावच्या वासरांवर येतील आणि त्याची किंमत गुराखी मोजेल. अमेरिकेत माणसाने लांडग्याची जागा घेतली, कारण ती रिकामी झाली होती. आपल्याकडे ती जागा भरावी म्हणून आपण वाघ आणि चित्ता परत आणले आहेत. त्यांच्या तोंडचा घास काढून घेणारा परवाना मध्य प्रदेशात कधीही दिला जाऊ नये.