शाळा कोणाच्या मालकीची?

ग्रेग मॉर्टेन्सन या अमेरिकन गिर्यारोहकाचे नाव एके काळी जगभर गाजले. १९९३ साली के-टू मोहिमेवरून परतताना पाकिस्तानातील बाल्टिस्तानच्या कोर्फे गावाने आपल्याला आसरा दिला आणि त्या उपकाराची फेड म्हणून आपण तिथे शाळा बांधली, असे त्यांनी २००६ च्या 'थ्री कप्स ऑफ टी' या पुस्तकात सांगितले. मग त्यांच्या संस्थेकडे पैशाचा ओघ लागला. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी पै-पै जमवून दिली. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी नोबेलच्या रकमेतले एक लाख डॉलर दिले.

२०११ साली पत्रकारांनी या कथेचा खरेपणाच प्रश्नात आणला. मोंटाना राज्याच्या ॲटर्नी जनरलने चौकशी केली. संस्था आपल्या पैशाने मॉर्टेन्सन यांच्या पुस्तकाच्या प्रती विकत घेत होती आणि रॉयल्टी त्यांच्या खिशात जात होती. २०१२ च्या तडजोडीत सुमारे दहा लाख डॉलर संस्थेला परत करण्याचे त्यांनी मान्य केले.

शाळा बांधल्याच नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. अनेक शाळा उभ्या राहिल्या, मुली शिकल्या. आमचा प्रश्न वेगळा आहे. देणगीदाराच्या वतीने हिशेब मागायला ॲटर्नी जनरल होता. पण ज्या आईची मुलगी त्या शाळेत जाणार होती, तिने हिशेब कोणाकडे मागायचा? तिच्या नावावर पैसा गोळा झाला, पण कागदोपत्री तिला कुठेच स्थान नव्हते!

शेजारच्या अफगाणिस्तानात साकेना याकूबी या अफगाण बाईंनी १९९५ साली आपली संस्था काढली. तालिबानच्या पहिल्या राजवटीत या संस्थेने ८० घरांत गुप्त शाळा चालवल्या आणि सुमारे ३,००० मुली शिकवल्या. जागा गावाची, राखण गावाची. १८४८ साली पुण्यातली मुलींची शाळाही भिड्यांच्या वाड्यात सुरू झाली होती, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

२०२१ नंतर तालिबानने सहावीपुढच्या मुलींना शाळा बंद केली. परदेशी पैशाने बांधलेल्या इमारती जागेवरच आहेत, पण त्या मुलींना आत प्रवेश नाही. इमारत म्हणजे शाळा नव्हे, याला आणखी कोणता पुरावा हवा?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. युद्धाने पोळलेल्या मुलुखात मदत जरूर जावी. पण जमाखर्च गावाच्या भाषेत, गावासमोर वाचला जावा. कोनशिलेच्या आधी शिक्षकाच्या पगाराची तरतूद व्हावी. शाळेच्या समितीत मुलींच्या आया असाव्यात. दात्याचे मन बदलले की दान थांबते. गाव ज्या शाळेला आपली मानते, ती बंद पाडायला मात्र बंदूकवाल्यालाही घरोघर फिरावे लागते!